‘हेस्टी’ या शब्दावर अडलेला लॉट : उद्यमबागेतील एका कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या खानापूर रस्त्याला लागून असलेल्या उद्यमबागेत आणि पुढे मच्छेच्या बाजूला ओतकाम, मशिनिंग आणि हायड्रॉलिक सुटे भाग करणारे लहानमोठे अनेक कारखाने आहेत. तेथे काम करणारी माणसे शहरातून जशी येतात तशी खानापूर तालुक्यातील खेड्यांतून आणि हद्दीपलीकडच्या चंदगड तालुक्यातूनही येतात. यंत्रावर बोलणे मराठीत आणि कन्नडमध्ये चालते, बहुतेकांना दोन्ही भाषा येतात आणि एकाच वाक्यात दोन्ही आल्या तरी कोणाचे काही अडत नाही. कागद मात्र इंग्रजीत असतो, कारण ग्राहक चेन्नईचा, पुण्याचा किंवा परदेशातला असतो. दिवसभर मराठीत विचार करून केलेल्या कामाचा हिशेब शिफ्ट संपताना इंग्रजीत द्यावा लागतो, आणि तो देणारा माणूस बहुधा मराठी माध्यमातून दहावी आणि पुढे आयटीआय झालेला असतो.

पुढील प्रकरण अशाच एका मशिनिंग कारखान्यातील आहे. मी या भागातील कारखान्यांत लेखी इंग्रजी शिकवतो, त्या निमित्ताने हे प्रकरण माझ्यापर्यंत आले. कारखाना, ग्राहक आणि माणसे यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मोघम ठेवले आहेत. घटनांचा क्रम बदललेला नाही.

घडले ते

पावसाळ्यातील एका संध्याकाळी, दुसऱ्या शिफ्टमध्ये, हायड्रॉलिक सिलिंडरच्या एंड कॅपला, म्हणजे टोकाच्या झाकणाला, भोके पाडताना पीस धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरमधील लोकेटिंग पिन तुटली. या पिनेवर पीस बसतो आणि तिच्यावरूनच भोकांची जागा ठरते, त्यामुळे पिन हलली की भोक हलते. पीस नीट बसत नाही हे ऑपरेटरच्या ध्यानात आले, त्याने यंत्र थांबवले आणि सुपरवायझरला हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नईजवळच्या ग्राहकाकडे लॉट रवाना व्हायचा होता. टूलरूम बंद झाली होती आणि कठीण केलेली, ग्राइंड केलेली सुटी पिन रॅकवर शिल्लक नव्हती.

सुपरवायझर वीस वर्षांहून अधिक काळ लेथवर काम केलेला माणूस. त्याने ईएन 8 पोलादाच्या सळईतून पिन स्वतः टर्न केली, मायक्रोमीटरने तीन ठिकाणी व्यास तपासला, फिक्स्चरमध्ये बसवून डायलने पाहिली, पहिला पीस काढून गेजवर लावला आणि त्यानंतरच काम सुरू केले. ईएन 8 हे मध्यम कार्बनचे पोलाद आहे. कठीण केलेल्या पिनेपुढे ते मऊ पडते आणि लवकर झिजते, हे तो जाणून होता, म्हणून एरवी तासाला एक पीस तपासतात तेथे त्याने शिफ्ट संपेपर्यंत एकूण एक पीस तपासायला लावला. पिन तुटण्याआधी, म्हणजे मागच्या तपासणीनंतर निघालेले पीस त्याने लाल क्रेटमध्ये वेगळे काढून ठेवले. त्या वेळी हाताशी जे होते त्यात याहून अधिक काळजीपूर्वक कोणी काही केले असते असे मला वाटत नाही.

शिफ्ट संपताना त्याने लॉटसोबत जाणारी नोंद लिहिली. ‘ऐनवेळी’, ‘घाईत’ आणि ‘तेवढ्यापुरते’ हे तीन शब्द त्याने मोबाइलवरील शब्दकोशात शोधले आणि समोर आलेले पहिले इंग्रजी शब्द उचलले. नोंद अशी झाली : ‘लोकेटिंग पिन ब्रोकन. मेकशिफ्ट पिन मेड इन हेस्टी अँड ॲड हॉक मॅनर. प्रॉडक्शन कंटिन्यूड.’

अडचण

ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाने ती नोंद वाचून लॉट रोखून ठेवला. घाईने आणि नियम सोडून केलेल्या उत्पादनाला परवानगी कोणी दिली, असे पूर्वीही होत होते काय, संशयित पीस किती आहेत आणि ते कोठे आहेत, हे त्यांनी विचारले आणि प्राथमिक उत्तर चोवीस तासांत मागितले. पाठोपाठ 8डी अहवाल, म्हणजे दोष, त्याचे मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, द्यायचा होता.

सुपरवायझरला यातले काहीच पटेना. ‘मी एकेक पीस मापून सोडलाय की सर, मग लॉट अडवला कशाला?’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. ग्राहकाचा प्रश्नही तितकाच रास्त होता, कारण त्याच्या हातात पीस मापल्याचा एकही आकडा नव्हता, होती ती तीन विशेषणे, आणि तिन्ही कामाची निंदा करणारी.

येथे त्या शब्दांकडे थोडे थांबून पाहणे भाग आहे. मराठीत ‘ऐनवेळी केले’ म्हटल्याने कामाच्या दर्जाबद्दल काहीच कळत नाही. ते उत्तमही झालेले असू शकते. आपण चांगल्या अर्थाने ‘उभ्या उभ्या करून दिले’ म्हणतो, ‘हातासरशी उरकले’ म्हणतो, आणि वाईट अर्थासाठी ‘थातूरमातूर केले’, ‘पाट्या टाकल्या’, ‘वेळ मारून नेली’ असे वेगळे बोल आपल्याकडे आहेत. इंग्रजीतही हे भेद आहेत आणि बारीक आहेत, पण शब्दकोशात सगळ्यांसमोर ‘घाईचा, पूर्वतयारीशिवायचा’ असा एकच अर्थ छापलेला दिसतो आणि माणूस फसतो.

मी शिकवताना हे शब्द तीन प्रश्नांनी वेगळे करतो. काम लवकर झाले का? ते आधी न ठरवता झाले का? त्यात काळजी घेतली गेली का? ‘प्रॉम्प्ट’ आणि ‘स्विफ्ट’ हे फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात, आणि ते चांगल्या सुरात देतात. ‘हेस्टी’ लवकर झाल्याचे सांगतोच, शिवाय विचार कमी पडला असा ठपका ठेवतो. आपला ‘उतावीळ’ त्याच्या जवळचा. ‘रॅश’ त्याच्याही पुढचा, आणि आपल्याकडे तर त्याला कायद्याचे वजन आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 279 पासून आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 पर्यंत बेदरकार वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात हाच शब्द आहे, त्यामुळे तो कामाच्या कागदावर चुकूनही येऊ देऊ नये.

दुसऱ्या प्रश्नाचे शब्द निराळे. ‘इम्प्रॉम्प्टू’ आणि ‘एक्स्टेम्पोरी’ हे भाषण, गाणे, बैठक यांच्यासाठी शोभतात. ऐनवेळी विषय देऊन घेतल्या जाणाऱ्या वक्तृत्व स्पर्धांमुळे शाळकरी मुलांनाही ते माहीत असतात, पण पिनेला ‘इम्प्रॉम्प्टू’ म्हटले तर वाचणारा चमकेल. ‘इम्प्रोव्हाइज्ड’ हा मूळ लॅटिनमधील ‘अनपेक्षित’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. अडल्या वेळी हाताशी असलेल्या साधनांतून वाट काढली, असे तो सांगतो, आणि त्यात कसबाचा मान असू शकतो. ‘ॲड हॉक’ लॅटिनमध्ये फक्त ‘याच्यासाठी’ इतकेच म्हणतो, पण भारतीय दफ्तरात त्याचा रंग बदलला आहे. नेमणूक ॲड हॉक म्हटली की ती नियमित मार्गाने झालेली नाही, हेच आपल्या मनात येते. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ या 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या आणि रोजंदारी नेमणुका कायम करण्याचा प्रश्न हाताळला, आणि तेव्हापासून सरकारी नोकरीशी संबंध आलेल्या घरांत तरी या शब्दाभोवती संशयच अधिक आहे. चेन्नईच्या गुणवत्ता अधिकाऱ्याने ‘ॲड हॉक’चा अर्थ ‘पद्धत सोडून’ असा घेतला, यात त्याची चूक म्हणता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे शब्द उघडच निंदेचे आहेत. ‘स्लॅपडॅश’ म्हणजे थातूरमातूर, ‘पर्फंक्टरी’ म्हणजे पाट्या टाकून केलेले, ‘कर्सरी’ म्हणजे वरवर नजर फिरवलेले. आणि ‘मेकशिफ्ट’ या सगळ्यांच्या मध्ये उभा आहे. तो तात्पुरतेपणा सांगतो, पण कामचलाऊपणाची छटा त्याला चिकटलेली आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांचीही येथे गल्लत होते. ‘ज्युरी-रिग्ड’ हा खलाशांचा शब्द. वादळात मोडलेल्या डोलकाठीच्या जागी उभारलेल्या तात्पुरत्या काठीला सतराव्या शतकापासून ‘ज्युरी मास्ट’ म्हणत आले आहेत, आणि ती काठी जहाज बंदराला लावण्याइतकी भक्कम असावी लागे. ‘जेरी-बिल्ट’ म्हणजे स्वस्त मालाने, वाईट बांधलेले. हे दोन शब्द एकमेकांत मिसळून लोक सर्रास बोलतात, आणि पहिल्या कामाचा मान दुसऱ्यामुळे जातो. आमच्या सुपरवायझरची पिन खलाशांच्या काठीच्या जातीची होती.

पुढे असलेले पर्याय

मालकांचे पहिले म्हणणे साधे होते. ‘एवढे तीन शब्द बदला आणि परत पाठवा सर, विषय संपला.’ मला ते मान्य नव्हते. पहिली नोंद ग्राहकाकडे पोहोचली होती. तीच नोंद सौम्य शब्दांत पुन्हा गेली असती तर कारखाना काही लपवत आहे असाच अर्थ निघाला असता, आणि तोवर केवळ शब्दांवर असलेली शंका माणसांवर आली असती.

दुसरा पर्याय फोनवर समजावून सांगण्याचा होता. तो गुणवत्ता प्रमुखांनी सुचवला. सौजन्य म्हणून फोन करावा हे खरेच, पण चेन्नईचा अधिकारी आणि आमची माणसे यांच्यामध्ये इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नव्हती, आणि कागदावर जी इंग्रजी साधली नाही ती फोनवर घाईत साधेल असे मानण्याला काही आधार नव्हता. शिवाय 8डीच्या पद्धतीत बोलण्याला नोंद समजत नाहीत.

तिसरा पर्याय पहिली नोंद तशीच ठेवून मोजमापांचे तक्ते जोडण्याचा. यात सत्य पुरेपूर होते, परंतु तक्ते एक सांगतात आणि वाक्य दुसरेच, अशा कागदावर वाचणारा वाक्यावरच विश्वास ठेवतो.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. त्या संध्याकाळचे काम एकेका कृतीत सोडवायचे, प्रत्येक कृतीपुढे वेळ, माप आणि करणाऱ्याचे पद लिहायचे, आणि विशेषण लागलेच तर ते त्या एका कृतीलाच लावायचे. आम्ही हा निवडला. हा निर्णय घेताना त्यातून काय बाहेर येईल याची मालकांना धाकधूक होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

केलेली कार्यवाही

सुपरवायझर, ऑपरेटर आणि गुणवत्ता प्रमुख यांना फिक्स्चरपाशीच उभे करून घडलेले पुन्हा सांगायला लावले. बोलणे मराठीतच झाले, ऑपरेटर मध्येच कन्नडमध्ये बोलत होता आणि सुपरवायझर ते पुरे करत होता. इंग्रजीचे नावही या टप्प्यावर काढायचे नाही, एवढी एकच अट मी घातली होती.

असे सांगू लागल्यावर संध्याकाळ दोन भागांत उघड झाली. पिन करणे, मापणे, पहिला पीस तपासणे, तपासणी वाढवणे हा एक भाग. हे लवकर झाले, आधी ठरलेले नव्हते, आणि काळजीने झाले. त्याला ‘हेस्टी’ म्हणणे अन्यायाचे होते. दुसरा भाग काम पुन्हा सुरू करण्याच्या परवानगीचा. गुणवत्ता प्रमुख घरी होते, त्यांना फोन झाला नाही, आणि कोणाचीही सही नसताना यंत्र सुरू झाले. येथे ‘हेस्टी’ हा शब्द नेमका बसत होता. वाहन क्षेत्रातील पुरवठादारांसाठीच्या आयएटीएफ 16949 या मानकाचे 8.5.6.1.1 हे कलम अशाच प्रसंगासाठी आहे. नेहमीच्या नियंत्रणाऐवजी पर्यायी पद्धत वापरायची तर आधी अंतर्गत मंजुरी हवी, ग्राहकाची लागत असेल तर तीही हवी, पर्यायी पद्धतीत निघालेला माल ओळखता यायला हवा आणि मूळ पद्धतीवर परतताना पडताळणी हवी, असे ते सांगते. माल ओळखता येत होता, मंजुरी नव्हती.

म्हणजे सुपरवायझरने योग्य शब्द चुकीच्या कृतीला लावला होता. मला हे या प्रकरणातील सर्वांत मोलाचे वळण वाटते. शब्द सौम्य करून नोंद परत पाठवली असती तर परवानगीची ही त्रुटी कोणाच्याच ध्यानात आली नसती.

लाल क्रेटचेही असेच झाले. ग्राहकाने ज्या पिसांची सर्वाधिक काळजी केली ते पीस वेगळे काढून ठेवलेलेच होते, परंतु नोंदीत त्यांचा उल्लेख नव्हता. सुपरवायझरला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘ते तर करायचंच असतंय, त्यात लिहायचं काय?’ ज्या माणसाला आपले चांगले काम सांगण्यासारखे वाटत नाही त्याच्या नोंदीत केवळ दोषच उरतात, हे मी या भागातील अनेक कारखान्यांत पाहिले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या क्रेटमधील पीस पुन्हा मापले. काहींची भोके जागेवर नव्हती, ते बाद केले आणि त्यांची संख्या अहवालात लिहिली. मग इंग्रजी मसुदा झाला. पिनेसाठी ‘टेम्पररी’ हा सरळ शब्द घेतला आणि तिचे पोलाद, माप आणि ती किती वेळ वापरली हे पुढे लिहिले. ‘मेकशिफ्ट’ काढला. ‘ॲड हॉक’ काढला, कारण त्याच्या जागी प्रत्यक्ष काय केले हेच आता लिहिले होते. 8डीच्या तिसऱ्या पायरीला ज्याला ‘इंटरिम कंटेनमेंट’ म्हणतात, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत दोष ग्राहकापर्यंत जाऊ न देण्याची व्यवस्था, तेथे एकूण एक पीस तपासल्याची नोंद बसली. फोर्ड कंपनीने 1987 मध्ये ही पद्धत पुस्तिकेत मांडली तेव्हापासून तात्पुरत्या उपायाला तीत स्वतःची मानाची जागा आहे. तात्पुरता उपाय झाल्याचे कबूल केल्याने तेथे कमीपणा येत नाही. परवानगीच्या परिच्छेदात मात्र सही न घेता काम सुरू झाले हे स्पष्ट लिहिले. पहिल्या नोंदीतील शब्दयोजना वस्तुस्थितीशी जुळत नव्हती, असे एक वाक्य अगदी आरंभी घातले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली. फिक्स्चरवर तात्पुरत्या पिनेचा फलक लावायचा ठरले आणि कोणीतरी त्यावर ‘तात्कालिक’ असे लिहिले. कन्नडमध्ये ‘तात्कालिक’ म्हणजे तात्पुरते, त्यामुळे कन्नड वाचणाऱ्या ऑपरेटरांना तो फलक बरोबर कळला. मराठी वाचणाऱ्याला तोच शब्द ‘त्या क्षणाचा, लगेचचा’ असे सांगतो, आणि एकाने त्यावरून पिन ताबडतोब बदलायची आहे असे समजून यंत्र थांबवले. फलक बदलून मराठीत ‘तात्पुरती पिन, अमुक तारखेपर्यंत’ आणि त्याखाली कन्नड असे केले. तारीख घातल्यामुळे दोन्ही भाषांतील वाचकांचा संशय मिटला.

निष्पत्ती

ग्राहकाने अहवाल स्वीकारला, स्वतःकडे नमुना तपासणी केली आणि लॉट मोकळा केला. परवानगीविषयीचा आक्षेप त्यांनी मागे घेतला नाही, आणि तो मागे घेण्यासारखा नव्हताही. पुढच्या भेटीत तो मुद्दा तपासला जाईल असे त्यांनी कळवले. टूलरूमने कठीण केलेल्या दोन पिना करून एक रॅकवर कायम ठेवण्याची व्यवस्था केली. रात्रीच्या शिफ्टसाठी तात्पुरत्या बदलाचा एक पानी फॉर्म झाला. त्यात काय तुटले, काय बसवले, कोणते माप आले, आधीचे पीस कोठे ठेवले, फोनवर परवानगी कोणी दिली आणि बदल कोणत्या तारखेपर्यंत चालेल, एवढेच रकाने आहेत. विशेषण लिहायला जागा ठेवलेली नाही. फॉर्म मराठीत किंवा कन्नडमध्ये भरता येतो आणि इंग्रजी दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात होते.

सुपरवायझरला या प्रकरणात बोलणी बसली नाहीत, याचे श्रेय मालकांना आहे. फिक्स्चरपाशी झालेल्या त्या बैठकीनंतर त्यांनी सर्वांसमोर पिनेच्या कामाचे कौतुक केले आणि फोन न करण्याबद्दल एकट्याला बोलावून समज दिली.

वेगळे काय करता आले असते

लॉट रवाना होण्यापूर्वी सकाळी ती नोंद कार्यालयातील कोणी वाचली असती तर प्रकरण तेथेच थांबले असते. गाडी भरण्याची गडबड होती हे कारण दिले गेले, पण ग्राहकाकडे जाणारा कागद न वाचता पाठवणे हे रात्रीच्या कोणत्याही कृतीपेक्षा अधिक उतावीळपणाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. अहवालात ते आले नाही, आणि यायला हवे होते.

रॅकवर सुटी पिन नसणे हे मूळ कारण म्हणून लिहिले गेले. ते बरोबर आहे, तरी पिन किती पिसांनंतर झिजते याची नोंद तोवर कोणी ठेवत नव्हते, आणि ती असती तर पिन तुटण्याआधीच बदलली गेली असती. हा मुद्दा चर्चेत निघाला होता, पण चोवीस तासांच्या मुदतीत मागे पडला.

भाषेच्या बाजूने पाहिले तर सुपरवायझरला इंग्रजीत लिहायला लावणेच टाळता आले असते. त्याचे मराठी नेमके आहे. ‘पिन तुटली, हाताशी सळई होती तिच्यातून टर्न केली, मापली, बसवली’ असे त्याने मराठीत लिहिले असते तर सकाळी त्याचे भाषांतर करणाऱ्याला एकही विशेषण लागले नसते. मालकांना हे पटले आहे. मात्र तिसऱ्या शिफ्टला सध्या जो माणूस आहे तो विजापूरकडचा आहे आणि कन्नडमध्येच लिहितो, आणि सकाळच्या पाळीत कार्यालयात कन्नड लिखाणाचे नीट इंग्रजी करणारे कोणी नाही. त्यासाठी माणूस नेमायचा की सुपरवायझरांपैकीच एकाला शिकवून तयार करायचे, हे अजून ठरायचे आहे.